दोन घरांतला टिंबल

आमच्या ऑफिसात तो नवीन होता तेव्हाची गोष्ट. ऑफिस घोडबंदर रोडला, आणि संध्याकाळची कंपनीची बस चुकली की पुढच्या बसची वाट बघत ताटकळत बसायचं. त्यामुळे घड्याळाकडे बघत सगळे घाईघाईने निघायचे. एकदा आम्ही चारपाच जण लिफ्टपाशी पोचलो आणि हा मध्येच थांबून म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, मी जरा टिंबल करून येतो."

बाकीच्यांना वाटलं बाथरूमला चाललाय. ते लिफ्टमध्ये शिरले. मी मात्र जागच्या जागी उभी राहिले, कारण टिंबल हा शब्द मी आमच्या घराबाहेर कुणाच्याच तोंडून कधी ऐकला नव्हता. आणि आमच्या घरी टिंबल करत नाहीत. टिंबल ठेवतात.

तो परत आला तर मी तिथेच.

"काय करून आलास?"

"ड्रॉवरला कुलूप लावलंय का ते बघून आलो. लावलेलं. पण परत एकदा बघितलेलं बरं."

"आणि टिंबल म्हणजे?"

"तेच. परत जाऊन बघणं. इंग्लिश शब्द आहे अगं."

"आमच्याकडे टिंबल म्हणजे ताट," मी म्हटलं. "जेवायला उशिरा येणाऱ्याचं, झाकून ठेवलेलं. तोही इंग्लिशच आहे."

"मग तुमच्याकडे चुकीचा वापरतात."

"तुमच्याकडे चुकीचा वापरतात."

त्या दिवशी आमची दोघांची बस गेली. बसस्टॉपवर उभं राहून आम्ही भांडत होतो आणि हसत होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर डिक्शनरीत शोधलं. दोन्ही अर्थांनी नव्हता. टिंबल असा शब्दच इंग्रजीत नव्हता.

मग हळूहळू उलगडा झाला. आम्ही दोघं लहान असताना टीव्हीवर रविवारी दुपारी एक इंग्रजी मालिका लागायची. एका लहान गावातलं पोस्ट ऑफिस, आणि तिथे काम करणारा उंच, लुकडा, डोक्यावर टोपी घातलेला मिस्टर टिंबल. मालिकेचं नाव आम्हाला दोघांनाही आठवत नव्हतं. त्याचं नाव मात्र दोन्ही घरांत ताट-वाटी-पेल्याइतकं सहज राहून गेलं होतं.

त्याचे वडील, ज्यांना मी पुढे बाबा म्हणायला लागले, डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या औद्योगिक भागात एका रंगाच्या कंपनीत ऑपरेटर होते. एकदा त्यांच्या शेजारच्या माणसाने शिफ्ट संपताना एक व्हॉल्व्ह नीट बंद केला नाही आणि पुढच्या पाळीतल्या एकाचे दोन्ही हात भाजले. बाबांची चूक नव्हती, पण त्या माणसाला रिक्षात घालून हॉस्पिटलला त्यांनीच नेलं होतं. तेव्हापासून बंद केलेली प्रत्येक गोष्ट ते परत जाऊन बघायचे. कंपनीतले लोक त्यांना हसायचे. मग चाळीतल्या एका घरी टीव्हीवर त्यांना हा मिस्टर टिंबल दिसला. तो पोस्टाला कुलूप लावायचा, कोपऱ्यापर्यंत जायचा, थांबायचा आणि उलटा फिरून कुलूप ओढून बघायचा. बाबांना इतका आनंद झाला की घरी येऊन ते आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाले, "बघ, साहेबाच्या देशातपण माझ्यासारखा एक आहे." दुसऱ्या दिवसापासून घरात गॅस, नळ, दाराची कडी, सगळ्यांचं टिंबल व्हायला लागलं.

आमचं गाव समुद्रकाठचं, घोडबंदरच्या पलीकडे खाडी संपते तिकडचं. आम्ही कॅथलिक. डॅडींचा एका होडीत हिस्सा होता. मासळी उतरवून, विकून, हिशेब मिटवून, जाळी बघून ते घरी यायचे तोवर आमची जेवणं झालेली असायची. रविवारी चर्चनंतर सगळे लवकर जेवायचे, आणि डॅडी मागून येऊन टीव्हीसमोर ताट घेऊन बसायचे. पडद्यावर कुणाच्या तरी घरी चहापार्टी संपलेली असायची, पाहुणे उठलेले असायचे, आणि हा टोपीवाला दारातून आत येऊन उरलेला केक खायला बसायचा. घरमालकीण त्याच्यासाठी एक बशी बाजूला काढून ठेवायची. डॅडी घास थांबवून म्हणायचे, "बग, मी आलो." मग ते स्वतःच टिंबल झाले, आणि त्यांचं झाकलेलं ताटही टिंबल झालं. "मम्मी, टिंबल काढलास का?" हे मी लहानपणी किती वेळा विचारलं असेल.

आम्ही लग्न करायचं ठरवलं तेव्हा मात्र या शब्दाने काही काम झालं नाही. डॅडी पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना वाटत होतं, मुलगी चर्चला पारखी होणार. तिकडे बाबांनाही काळजी होती. त्यांचं म्हणणं, आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची मूर्ती आहे, पोरगी तिथे राहील खरी, पण तिच्या मनाला ते आपलं वाटेल का? दोघांपैकी कुणी वाईट बोललं नाही. दोघं नुसते गप्प होते, आणि ते मला भांडणापेक्षा जड जात होतं. शेवटी मम्मी म्हणाली, "जाऊन जेवून तरी येऊ. जेवल्याशिवाय माणूस कळत नाय."

दुपारच्या जेवणाला जायचं ठरलं. आम्ही भाड्याची गाडी केली. गायमुखाच्या घाटात कंटेनर आडवा झालेला. गाड्या जागच्या हलेनात. नंतर शिळफाट्यालाही तेच. डॅडींनी गाडीत एकदाच तोंड उघडलं, "देवाची पन इच्छा नाय दिसत." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मानपाड्याला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती. बाबांचं घर तेव्हा दोन खोल्यांचं होतं. दारात चपला काढताना मला आतून मटणाचा वास आला आणि रडू आवरेना, का कोण जाणे.

बाबा पुढे आले. "या, बसा. त्रास झाला फार?"

"नाय, नाय," डॅडी म्हणाले.

इतकं बोलून दोघं दोन खुर्च्यांवर बसले. पंखा फिरत होता. आईंनी ताटं आणली, वर दुसरी ताटं पालथी घालून झाकून ठेवलेली. घरातले सगळे आमच्यासाठी थांबलेले, कुणीच जेवलं नव्हतं, पण आमच्या वाटचं मात्र त्यांनी आधीच वेगळं काढून ठेवलं होतं, भाकऱ्या कापडात गुंडाळून. डॅडींनी आपल्यासमोरच्या झाकलेल्या ताटाकडे बघितलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "ह्या बग. आज आपून सगलं टिंबल झालो."

बाबांनी झटकन मान वर केली. "काय म्हणालात?"

डॅडी ओशाळले. "काय नाय. आमच्या घरातला शब्द हाय."

"टिंबल म्हणालात ना?"

"हां. टीव्हीत एक मानूस व्हता पूर्वी. सगल्यांचा खाऊन झाला का यायाचा."

"टोपीवाला? पोस्टातला?"

"तोच!"

"अहो, पण तो खायला कुठे यायचा? तो कुलूप बघायला परत जायचा."

"कुलूप? मी कवा कुलूप नाय बगला. तो केक खायाचा."

"नाही हो." बाबा उठून उभेच राहिले. तेवढ्याशा खोलीत ते दारापर्यंत चालत गेले, थांबले, खिशावर हात मारला आणि गरकन वळून कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाची मूठ ओढून बघितली. आईंनी पदर तोंडाला लावला. मी त्यांना त्याआधी दोनदाच भेटलेले, आणि हा माणूस इतकं हुबेहूब काही करू शकतो हे मला माहीतच नव्हतं.

डॅडी मात्र हसत नव्हते. ते विचार करत होते. "तुमी पुरा बगायचा का तो कार्यक्रम?"

"पुरा कुठला! आमच्या भागात सुट्टी शुक्रवारी. रविवारी मला सेकंड शिफ्ट. अर्धा बघून निघायचो."

"आनि मी यायाचो अर्धा झाल्यावर," डॅडी म्हणाले. मग त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "अवो, मंग तसाच हाय! तो कुलूप बगाया परत जायाचा, म्हनून तर त्याला चहाला उशीर व्हायाचा!"

बाबा कपाटाची मूठ धरून तसेच उभे राहिले. "अरेच्चा," ते म्हणाले. "म्हणजे तो कुलूप बघून चहाला जायचा."

"आनि ती बाई त्याच्यासाठी ठेवायाची."

"मला वाटायचं, घरी जात असेल."

मग दोघांनाही हसू आलं. आधी डॅडींना, खोकल्यासारखं, आणि मग बाबांना असं की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मम्मी आणि आई एकमेकींकडे बघत होत्या. दोघींनाही यात एवढं काय आहे ते कळत नव्हतं. मटण गार झालं होतं. आईंनी ते परत गरम केलं. जेवताना दोन्ही वडिलांची तोंडं मिटेनात. कंपनीतला तो भाजलेला माणूस, होडीवरची एक वादळातली रात्र, रविवारी घरी नसण्याचं दुःख, असं काय काय एकमेकांना सांगत होते. लग्नाचा विषय कुणी काढलाच नाही. निघताना डॅडी चपला घालता घालता म्हणाले, "फादरशी बोलतो मी. काय परवानगी लागते ती बगू." आणि बाबा म्हणाले, "आमच्याकडे वंदना होईल. पण पोरीच्या गळ्यातला क्रॉस तिच्या गळ्यातच राहील."

तसंच झालं. सकाळी गावच्या चर्चमध्ये, संध्याकाळी मानपाड्याच्या हॉलमध्ये. चर्चच्या पायऱ्यांवर आईंनी फादरांना वाकून नमस्कार केला, आणि हॉलमध्ये मम्मीने पंचशील म्हणताना हात जोडले, शब्द येत नव्हते तरी ओठ हलवले.

लग्नानंतर शब्दही एकत्र राहायला आला. टिंबल करणं आणि टिंबल ठेवणं, दोन्ही चालू. नवऱ्याला यायला उशीर झाला की आई फोन करून विचारायच्या, "टिंबल ठेवू ना रे?" हा माझ्या माहेरचा अर्थ त्यांनी कधी उचलला, मला कळलंसुद्धा नाही.

मुलगी चौथीत असताना तिने इंग्रजीच्या निबंधात लिहिलं, की सुट्टीत गावी निघताना आजोबांनी घर टिंबल केलं. बाईंनी शब्दाखाली लाल रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलं. पोरगी रडत घरी. तिला वाटत होतं, स्पेलिंग चुकलं. हा शब्द जगात कुठेच नाही, हे तिला कसं सांगायचं तेच मला समजेना.

बाबांनी तिला जवळ घेतलं. "सँडविच खातेस ना? ते आधी एका साहेबाचं नावच होतं. लोकांनी वापरून वापरून त्याचा शब्द झाला."

"मग टिंबल पण होईल?"

"होईल की. पण अजून आपणच वापरतोय. जगाला वेळ लागेल."

पालकसभेत मी बाईंना सगळी हकिकत सांगितली. त्या तरुण होत्या, ऐकून हसल्या आणि म्हणाल्या, "माझी आजी कुठलाही पोलीस दिसला की त्याला एकाच नावाने ओळखते, तिच्या लाडक्या मालिकेतल्या इन्स्पेक्टरच्या. सिग्नलला उभा असेल त्यालासुद्धा." मग लाल रेघेशेजारी त्यांनी छोटंसं काहीतरी लिहिलं. मुलीने ते मला दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेत उड्या मारत गेली.

डॅडी आजारी पडले तेव्हा नवऱ्याने ठरवलं की काही झालं तरी ती मालिका शोधायची. बरेच दिवस तो इंटरनेटवर शोधत होता. एक धूसर तुकडा सापडला. डॅडींना हॉस्पिटलातून घरी आणलेलं. बाबाही गावाला आलेले, हल्ली महिन्यातून एकदा तरी यायचेच. दोघांना शेजारी बसवून आम्ही मोबाईल धरला. पोस्ट ऑफिस होतं. टोपीवाला होता. पण तो बुटका होता, भराभर बोलत होता, आणि त्या तुकड्यात त्याने ना कुलूप बघितलं ना काही खाल्लं. एका बाईशी तिकिटांवरून हुज्जत घातली, बस्स.

दोघं गंभीरपणे शेवटपर्यंत बघत राहिले.

"हा तो नव्हे," बाबा म्हणाले.

"नाय," डॅडी म्हणाले. "आपला येगला व्हता. आपला चांगला व्हता."

नवऱ्याने मोबाईल खिशात टाकला. पुन्हा कधी शोधलं नाही.

गेल्या वर्षी डॅडी गेले. गावच्या चर्चमागे दफनभूमी आहे, तिथून समुद्राचा आवाज येतो. सगळं आटपलं, लोक फाटकाकडे वळले. बाबा माझ्याबरोबर चालत होते. फाटकापाशी ते थांबले. कोटाच्या खिशावरून हात फिरवला, आणि मागे वळले. आम्ही सगळे थांबलो. ते हळूहळू चालत गेले, ताज्या मातीपाशी उभे राहिले, वाकून काहीतरी सारखं केलं, आणि परत आले. त्यांच्या पँटला गुडघ्यावर माती लागली होती.

"काय झालं बाबा?" मी विचारलं.

"काही नाही. वारा आहे ना. मेणबत्ती पडून फुलं पेटायची. बघितलं एकदा." मग गुडघ्यावरची माती झटकत म्हणाले, "नीट आहे."

नवऱ्याने त्यांचा हात धरला. तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं, सकाळपासून आलं नव्हतं.

घरी आल्यावर शेजाऱ्यांनी जेवण आणलेलं. गावातली माणसं पंगतीला बसली, उठली. बाबा बाहेर होडीवरच्या लोकांशी बोलत राहिले होते, ते सगळ्यात शेवटी आत आले. मम्मी आतून झाकलेलं ताट घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ठेवलं. ते मान खाली घालून जेवले, सगळं संपवलं.

नंतर भांडी आवरताना मी मम्मीला म्हटलं, "तुला आठवतं का गं, तो टीव्हीतला माणूस?"

ती राख घेऊन पातेलं घासत होती. "मना कसा आठवेल? मी कवा बगलाच नाय त्याला."

"कधीच नाही?"

"रविवारी दुपारी मी इथंच असायची. तुमी सगली तिथं टीव्हीपुढं. तो काय खायाचा, कवा यायाचा, मना कुठं ठाव? तुजा बाप उशिरा यायाचा, म्हनून ठेवायची. टीव्ही घरात यायच्या आदीपासून ठेवायची." तिने पातेलं पालथं घातलं. "तुमी त्याला नाव दिलात नंतर."

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. इतकी वर्षं आम्ही त्या शब्दावर हसलो, भांडलो, लग्न जमवलं, पोरीला त्याची गोष्ट सांगितली. ज्या हातांनी ते ताट झाकलं, त्यांना विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मम्मीला त्याचं काही वाटत नव्हतं. ती पुढचं भांडं घासायला लागली होती.

पावसाळ्यात ती आमच्याकडे डोंबिवलीला आली, होड्या बंद असतात तेव्हा. दोन दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिली. आईंचं आणि तिचं आधी जरा जपून चाललं होतं, मग दोघींनी मिळून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मुलीला ती आमची बोली शिकवते आणि मुलगी तिला मोबाईल. आठवड्यातून एकदा ती बाबांना घेऊन मासळी बाजारात जाते. ते पिशवी धरतात, ती पाटीपुढे उकिडवी बसते, मासा उचलून कल्ला उघडून बघते आणि मोठ्याने म्हणते, "हा बर्फातला हाय, आमाला शिकवू नको." मासळीवाली चिडते. बाबा घाबरून म्हणतात, "अहो, हळू. तिला राग येईल." मम्मी ऐकत नाही. परत येताना मात्र दोघं रिक्षा करत नाहीत, चालत येतात, गप्पा मारत, आणि खिडकीतून मला ते दिसतात. पिशवीतून पाणी गळत असतं, आणि दोघांनाही घाई नसते.